सहा कोपऱ्यांचं रान

पक्ष

शाळेत भूमितीच्या वहीत सगळ्यात वर 'पक्ष' लिहायचा. पक्ष म्हणजे जे दिलेलं आहे ते. त्यावर वाद घालायचा नाही.

तर दिलेलं असं. साल एकोणीसशे सत्त्याण्णव, महिना फेब्रुवारी. बारामती तालुक्यात सांगवीच्या शिवारात आबाजीचं अडीच एकर उसाचं रान. उत्तरेला डांबरी सडक, पूर्वेला शेजाऱ्याचा ऊस, दक्षिणेला पाट, पश्चिमेला ओढा. रानाला कोपरे चार. आबाजीचा मुलगा दादासो, वय सव्वीस. पुण्यात गणितात एम.एस्सी., वर तीन वर्षं संशोधन, आणि सध्या आठवड्यातून तीन दिवस इंदापूरच्या एका कॉलेजात तासावर शिकवणं. आबाजीचा चुलतभाऊ सावळाराम, त्याला सगळी आळी तात्या म्हणते. वय पासष्टच्या पुढं. बायको गेलेली, मूलबाळ नाही, मेंढरं होती ती गेल्या दिवाळीनंतर विकलेली. तेव्हापासून राहतो आबाजीच्याच वस्तीवर.

याच्यात एक गोष्ट चुकीची दिलेली आहे. ती दादासोला सुद्धा वेळेवर कळली नाही.

आणखी एक दिलेलं. बारामतीच्या स्टँडसमोर चाँदभाईचं एस.टी.डी. बूथ होतं, तिथं फॅक्सचं मशीन होतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चाँदभाईनं सांगवीच्या दूधगाडीबरोबर निरोप धाडला, आणि दादासो धावत गेला.

"या प्रोफेसर, या," चाँदभाई म्हणाला. "हॉलंडहून आलाय. निम्मा आला आन रोल संपला. मी परत फोन लावला, म्हटलं बाई, वन्स मोअर. तिकडची बाई हसली बरं का. आता वाचा आन तोंड गोड करा, नाहीतर मशीन परत घेईल."

तिथल्या एका विद्यापीठानं दादासोला चार वर्षांची संशोधनाची जागा देऊ केली होती. विषय संगणकीय भूमिती, त्यातही दृश्यता. एक सप्टेंबरला रुजू व्हायचं. पासपोर्टची प्रत एकतीस मार्चच्या आत पोचली पाहिजे, न पोचल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला विचारलं जाईल.

पासपोर्टचा अर्ज भरून दोन महिने झाले होते. पोलिसांच्या चौकशीचा कागद ठाण्यात येऊन पडला होता. त्यावर फक्त एवढं लिहून जायचं होतं, की या माणसावर गुन्हा नाही.


साध्य

साध्य म्हणजे जे सिद्ध करायचं आहे ते. दादासोचं साध्य एकच होतं: जायचं.

तात्याला ते समजून घ्यायचं होतं. दादासोला इंदापूरला जायचं असलं की तात्या फाट्यापर्यंत सोडायला यायचा, काम काही नसायचं, पण यायचा.

"तितं जाऊन करनार काय तू?"

"समजा तात्या, एक जागा हाय. वाकडीतिकडी. भिंतीच भिंती. राखायला मानसं ठेवायची. तर कमीत कमी किती मानसं लागत्याल, आन त्यांनी कुठं कुठं हुबं ऱ्हायचं, म्हंजी कुठलाच कोपरा नजरंतनं सुटनार न्हाय. हे संगणकाकडनं काढून घ्यायचं."

तात्यानं वाटेतला दगड पायानं बाजूला केला.

"म्हंजी राखणच की."

"व्हय. राखणच."

"आन त्याला इमानात बसून जायाचं?" तात्या खो खो हसला. "आपल्या मोत्याचा बी फारम भर की रं. त्यो तर बिनपगारी करतोय."

पण गावभर सांगताना तात्याच्या सांगण्यात छाती फुगलेली असायची. आमचा दादा राखणीचं शिकतोय, म्हणायचा, आमच्याच धंद्याचं हाय ते. आणि तात्याला तसं म्हणायचा हक्क होता. इंदापूरच्या माळांवर तीनशे मेंढरं घेऊन फिरलेला माणूस. मेंढरं मोजायचा नाही. वाघर लावून झालं, म्हणजे जाळ्याचं कुंपण मेंढरांभोवती फिरवून झालं, की एकदा नजर टाकायचा आणि म्हणायचा, येक कमी हाय, काळ्या कानाची. ती सापडायचीच, कुठल्या तरी घळीत. अक्षर एक येत नव्हतं, पण एस.टी. मैलभर लांब धुरळ्यात असताना सांगायचा, "फलटण आगाराची हाय. डाव्या अंगाला कललीय बघ. बारामतीची अशी न्हाय चालत." गाडी आली की दादासो बोर्ड वाचायचा. तात्या बरोबर असायचा. दादासो लहानपणापासून ही परीक्षा घेत आला होता आणि तात्या एकदाही नापास झाला नव्हता.

दादासोच्या प्रबंधातलं पहिलं प्रमेय सोपं होतं, त्याच्या आधीच कुणी कुणी सिद्ध केलेलं. राखणदार बाहेरच्या बाजूनं, कोपऱ्यांवर उभे करायचे असतील, आणि जागेची एकूण एक बाजू कुणाच्या तरी नजरेत यायला हवी असेल, तर जितके कोपरे त्याच्या निम्मी माणसं पुरतात.

चार कोपरे, दोन माणसं.

हे त्याला झोपेत सुद्धा येत होतं.


रचना

ऊस पेटवायची आमच्याकडची रीत अशी. तोडणीची पाळी लांबली, पाचट वाढलं, ऊस लोळला, की कोयता चालत नाही. मग पेटवायचा. पाला जळतो, ऊस उभा राहतो, काळा होतो, दुसऱ्या दिवशी टोळी झपाझप तोडते. कारखाना भाव कापतो ते वेगळं. पण पेटवायच्या आधी चारी बांधांना माणसं उभी करायची, एकानं डबा बडवत रानाला फेरी मारायची, कारण उसात कोण असेल सांगता येत नाही. गवताला गेलेली बाई असते, आडोशाला बसलेलं कुणी असतं. फेरी झाली की प्रत्येकानं आपल्या बाजूनं ओरडायचं, "मोकळं!" सगळ्यांचं मोकळं आलं की मगच पलिते टाकायचे. सहा-सात माणसं लागतात.

त्या दिवशी गावात लग्न होतं, टोळी दुसऱ्याच्या फडात तोडत होती. वस्तीवर तिघंच, आबाजी, तात्या आणि दादासो. आणि टोळीचा मुकादम सकाळीच येऊन सांगून गेला होता, आज पेटवा, उद्या पहाटं कोयता लावतो, न्हायतर मी इंदापूरच्या अंगाला टोळी घेऊन चाललो, मग बसा वाट बघत.

"मानसं न्हाईत," आबाजी म्हणाला. "कसं व्हायचं?"

"होतंय की," दादासो म्हणाला.

त्यानं काडीनं मातीत चौकोन काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शिक्षणाचा घरच्यांना उपयोग होत होता, आणि त्या सुखात तो भराभर बोलला. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोघं. सडकेकडच्या कोपऱ्यावरनं मला उत्तरेचा बांध दिसतोय आन पूर्वेचा. पाटाकडच्या कोपऱ्यावरनं तात्याला दक्षिणेचा आन पश्चिमेचा. झाल्या चारी बाजू. आबा, तुम्ही ओलं बारदान घेऊन शेजारच्या उसाकडं थांबा, ठिणगी उडाली तर.

आबाजीनं चौकोनाकडं बघितलं. काही बोलणार होता, बोलला नाही.

तात्या म्हणाला, "ते खरं. पर मी आपली येक चक्कर मारून येतो. डबा वाजवत."

"तात्या, तुमी कोपरा सोडायचा न्हाय," दादासो म्हणाला. "तुमी हिकडं चक्कर मारणार, तवर पाटाच्या अंगानं कोन शिरलं तर? कोपरा सोडला की गणित मोडतंय."

"मोडू दे की तुझं गणित."

"तात्या."

"बरं बाबा. न्हाय सोडत."

तात्या पाटाकडच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. दादासो सडकेच्या कोपऱ्यावर. अर्धा तास दोघं थांबले. दुपारचे तीन, वारा पडलेला, उसाचे तुरे सुद्धा हलत नव्हते. दादासोला दोन सरळ बांध दिसत होते, रिकामे. तो ओरडला, "मोकळं!" लांबून, उसाच्या पलीकडून, मेंढरं हाकायच्या लांबलचक सुरात तात्याचं आलं, "मोकळं हाऽऽय!"

दोघांनी पलिते टाकले.


आकृती

(इथं आकृती काढायची.)


पुन्हा रचना

वीस मिनिटांत सगळं झालं. तिघं वस्तीवर चहा पीत होते, कपड्यांना धुराचा वास, तोंडं काळी. तेव्हा टोळीतली सारजा आली. हातात विळा, डोक्यावर भारा नाही.

"आत्याबाई हिकडं आल्या का?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू, गोजरबाई. टोळीबरोबर दरसाल यायची. कोयता आता चालवता येत नव्हता तिला, बैलांचं आणि चुलीचं बघायची. दोन्ही कानांनी ठार बहिरी.

"ऊस पेटवणार म्हनल्यावर वाढं जळनार," सारजा म्हणाली. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टोळीच्या बैलांचा तोच चारा. "मी हातानं खुनवून सांगितलं त्यांला, आज पेटिवत्यात. तर ह्या उठल्या. चार पेंढ्या आनते म्हनल्या जळायच्या आदी. ओढ्याच्या अंगानं गेल्या."

"ओढ्याच्या अंगानं कोन आलं न्हाय, पोरी," तात्या म्हणाला. "मी डोळ्यांत त्याल घालून बघत हुतो. जागचा हललो न्हाय."

"मग कुठं गेल्या?"

तात्या पाटाच्या अंगानं शोधायला गेला. बाकीचे तिघं निघाले. तात्याच्या कोपऱ्यापासून ओढ्याकडच्या बांधानं, काळ्या उभ्या उसाच्या कडेकडेनं. राख अजून गरम होती. दादासो पुढं होता. शंभर पावलं झाली आणि बांध डावीकडं वळला.

इथं वळायला नको होता.

दादासो थांबला. तो या रानात लहानाचा मोठा झाला होता. हा बांध सरळ जातो, सडकेपर्यंत. पण बांध सरळ गेला नव्हता. ओढ्याच्या दिशेनं उसाचा एक तुकडा बाहेर आला होता, पंधरा-वीस पावलं रुंद, आणि मग पुन्हा उजवीकडं वळून सडकेकडं गेला होता. तुकड्याच्या पलीकडची बाजू ओढ्यावर होती. ती पाटाच्या कोपऱ्यावरून दिसणं शक्य नव्हतं. सडकेच्या कोपऱ्यावरून तर नाहीच.

"आबा, हे कधी?"

"अवंदा," आबाजी हळू आवाजात म्हणाला. "ओढ्याची पड हुती, आठ गुंठं. मोडली आन लावली. तुला दिवाळीत सांगितलं की."

सांगितलं होतं. दिवाळीत, जेवताना. ओढ्याकडं जरा वाढिवलंय, असं. दादासो ताटात वाकून हं म्हणाला होता.

एक, दोन, तीन, चार. पाच. सहा.

सहा कोपऱ्यांना तीन माणसं लागतात.

ओढ्याचं पाणी मिळाल्यानं त्या तुकड्यातला ऊस सगळ्यात माजलेला होता, लोळून एकात एक अडकलेला. गोजरबाई तिथंच होती. बांधापासून पंधरा पावलांवर. पेंढी बांधून झालेली होती तिची. एकच.

सारजा ओरडली नाही. ती खाली बसली आणि राख बाजूला करायला लागली, जसं काही हे झालं की पुढचं काम.


पंचनामा

...मयत नामे गोजरबाई, वय अंदाजे साठ, धंदा ऊसतोड मजुरी, ही मौजे सांगवी येथील उसाच्या फडात भाजून मयत स्थितीत मिळून आली. सदर फडाची चतुःसीमा येणेप्रमाणे. सोबत कच्चा नकाशा जोडला असे...

नकाशा कुणी काढायचा हा प्रश्न होता. हवालदार ठाण्यातल्या बाकावर बसून कपाळ पुसत होता. माणूस वाईट नव्हता. दोन दिवस धावपळीत गेले होते त्याचे; रान त्यानं सडकेवरूनच बघितलं होतं.

"कुनाचा तरी हलगर्जीपणा दाखवावा लागंल," तो म्हणाला. "बाई काय आपणहून जळाली न्हाय. कोपऱ्यावर कोन कोन हुतं?"

"मी," दादासो म्हणाला. "सडकंकडं."

"आन मी पाटाकडं," तात्या म्हणाला.

"सहा-सात मानसं लागत्यात, दोघंच कशी? हे ठरवलं कुनी?"

आबाजी फरशीकडं बघत होता. दादासोचं तोंड उघडलं. हवालदाराच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, आणि वरून तिसरा कागद दादासोला ओळखीचा होता. त्याच्या फोटोचा कोपरा बाहेर आला होता.

"कोन ठरिवनार?" तात्या म्हणाला. "मी आयुष्यभर राखण केलेला गडी. मीच म्हनलं, चला, दोघं बास हाय."

त्यानं दादासोकडं बघितलं सुद्धा नाही. इतक्या सहज म्हणाला, की दादासोला क्षणभर वाटलं, खरंच तसं झालं असेल.

"मग बाई शिरताना दिसली न्हाय तुमाला?"

"न्हाय सायेब. न्हाय दिसली."

"दिसली न्हाय, का बघितलं न्हाय?"

तात्याला हा प्रश्न आयुष्यात कुणी केला नव्हता.

"बघितलं की, सायेब. हललो बी न्हाय."

"ते नकाशावर ठरंल," हवालदार म्हणाला, आणि कोरा कागद दादासोपुढं सरकवला. "तलाठी रजेवर हाय. तुमी गणितवाले, तुमीच काढा. चांगला पट्टी लावून."

आबाजी तेव्हा पहिल्यांदा बोलला. "सात-बाऱ्यावर हाय तसा काढ, दादा." ओढ्याची पड सरकारी होती. हे आबाजीनं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

दादासोनं पट्टी लावली. उत्तरेची रेघ काढली, सडक. पूर्वेची रेघ, शेजारी. दक्षिणेची, पाट. मग पश्चिमेची रेघ सुरू केली पाटाकडच्या कोपऱ्यापासून, वर, शंभर पावलांच्या मापापर्यंत आणली आणि पेन्सिल थांबली.

इथं पेन्सिल डावीकडं वळवली असती तर तात्या सुटला असता. मग हवालदारानं विचारलं असतं, हा तुकडा कुणाचा, आणि दोनच माणसं पुरतील हे डोकं कुणाचं. तात्यानं दिलेला जबाब किती टिकला असता? गुन्हा, तारखा, वर्षं. वरून तिसरा कागद तसाच परत गेला असता, वेगळा शेरा घेऊन. एकतीस मार्चला पस्तीस दिवस होते.

रेघ सरळ वर गेली. सडकेला मिळाली.

"बाई कुठं हुती, फुली मारा."

गोजरबाई त्या रेघेच्या बाहेर होती. बाहेर ऊसच नव्हता. दादासोनं फुली आत मारली, बांधाजवळ. पाटाच्या कोपऱ्यावरून सरळ नजर जाईल, अशा बांधाजवळ.

हवालदारानं कागद फिरवून बघितला. तात्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, तिथून फुलीपर्यंत नेलं. मधे काहीच आडवं आलं नाही.


सिद्धता

रानाला चार कोपरे आहेत. (नकाशा)
चार कोपऱ्यांना दोन राखणदार पुरतात. (प्रमेय)
दोन राखणदार जागेवर होते, एकही हलला नाही. (जबाब)
म्हणून रानाची प्रत्येक बाजू कुणाच्या तरी नजरेत होती.
बाई पश्चिमेच्या बाजूनं आत गेली. (फुली)
पश्चिमेची बाजू सावळारामच्या नजरेत होती. (नकाशा)
म्हणून सावळाराम.

दादासोनं हे लिहून काढलं होतं, एकदा, इंदापूरच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, आणि चुरगाळून खिशात ठेवलं होतं. पक्ष मान्य केला तर एकही पायरी चुकत नव्हती.

तात्याला एक दिवस आत ठेवलं, जामिनावर सोडलं. केस उभी राहिली; ती चालायला वर्षं लागणार होती. पासपोर्ट एकवीस मार्चला आला. चाँदभाईनं फॅक्स लावला, मशीन घरघरलं, आणि तो म्हणाला, "गेला, प्रोफेसर. तुमचं तोंड हॉलंडला पोचलं. आता मागून बाकीचे या." फॅक्सचे पैसे घेतले नाहीत त्यानं.

एप्रिलमध्ये टोळी इंदापूरच्या अंगाला होती. कॉलेजला जाताना दादासोला एस.टी.च्या खिडकीतून त्यांच्या खोप्या दिसायच्या. एकदा सारजा दिसली, डोक्यावर वाढ्याचा भारा. तिनं वर बघितलं नाही. पुढच्या खेपेपासून दादासो दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसायला लागला.

मे महिन्यात आबाजीनं ओढ्याकडच्या तुकड्यावर नांगर घातला नाही. तात्या पंधरा दिवस पाहुण्यांकडं गेलेला असताना त्यानं खोडवं, म्हणजे तोडल्यावर राहिलेली उसाची खोडं, उपटलं, बांध फोडला, माती ओढ्याकडं पसरून दिली आणि जुन्या जागी नवा बांध घातला. पश्चिमेचा बांध पाटापासून सडकेपर्यंत सरळ झाला. आता रान नकाशासारखं होतं.

आणि तात्या रोज जाऊन त्या पाटाच्या कोपऱ्यावर उभा राहायला लागला. ऊस नव्हता, रान उघडं पडलं होतं. तात्या उभा राहायचा आणि बघायचा. सडकेवरची सायकल दिसायची. ओढ्याच्या पलीकडची बाभूळ दिसायची, बाभळीवरचा होला दिसायचा. तासभर बघून घरी यायचा आणि जेवायचा नाही.

ऑगस्टच्या शेवटी दादासो निघाला. फाट्यापर्यंत सोडायला तात्या आला. बॅग त्यानंच घेतली, दिली नाही. बाकीच्यांनी वस्तीवरच निरोप घेतला होता.

फाटा दिसायला लागला. तात्या म्हणाला, "दादा, येक इचारू?"

"इचारा की."

"मला आठवतंय, तवा त्या कोपऱ्यावरनं बांध संपेपातूर दिसत न्हवता. ऊस असा फुडं आल्यागत. मला आठवतंय. पर मी आता रोज जातो, हुबा ऱ्हातो, तर समदं दिसतंय. नकाशात बी दिसतंय म्हंत्यात. आबा बी म्हंतोय, तितं फुडं ऊस कदी न्हवताच." तो थांबला, बॅग खाली ठेवली. "मेंढरांच्या मागं जनम गेला माजा. कदी चुकलो न्हाय. त्या बाईचं काय झालं मग? तू शिकल्याला हायस ह्यातलं. तूच सांग. तितनं दिसत हुतं का?"

पाच दिवसांनी दादासोला एका खोलीत हजर व्हायचं होतं. दारावर त्याचं नाव लावलंय, असं त्यांनी कळवलं होतं. तात्या त्याच्या तोंडाकडं बघत होता, लहान मूल मास्तराकडं बघतं तसं.

केस अजून उभी होती. नकाशावर सही दादासोची होती.

"दिसत हुतं, तात्या," तो म्हणाला.

तात्यानं मान हलवली. दोनदा. रागावला नाही, रडला नाही.

"मग मी बघितलंच न्हाय म्हनायचं," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंस. डोकं फुटायची पाळी आली हुती."

फलटणच्या बाजूनं धुरळा उठला. लांबवर, वळणावर, गाडीचा लाल ठिपका दिसायला लागला, अजून ठिपकाच. दादासो सवयीनं थांबला. तात्या आता सांगेल, कुठल्या आगाराची, कुठल्या अंगाला कललेली.

तात्या खाली बॅगेकडं बघत होता.

"तात्या, कुठली हाय?"

"मला नको इचारू," तात्या म्हणाला. "तूच बघ."